धरायचं कधी, सोडायचं कधी: हिमोग्लोबिनमधलं नियंत्रण आलं कुठून?

हिमोग्लोबिनकडून शरीर दोन परस्परविरोधी कामं मागतं. फुप्फुसात ऑक्सिजन घट्ट धरायचा आणि स्नायूंत, मेंदूत, यकृतात पोहोचल्यावर तोच ऑक्सिजन मोकळा करायचा. घट्ट धरणारा रेणू सहजी सोडत नाही आणि सहज सोडणारा मुळात पुरेसा भरतच नाही. एकाच रेणूला ही दोन्ही कामं जमतात तरी कशी, या प्रश्नावर जीवरसायनशास्त्राने शंभर वर्षं घालवली. ही क्षमता उत्क्रांतीत पहिल्यांदा आली कशी, या त्याहून अवघड प्रश्नाचं उत्तर मात्र गेल्या काही वर्षांतच हाती येऊ लागलं आहे. ते उत्तर मला फार मोलाचं वाटतं, म्हणून ते नीट समजावून घेऊ.

आधी आकडे पाहू. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या साधारण 100 मिलिमीटरइतका असतो. शरीर विश्रांती घेत असताना ऊतींमध्ये तो 40 च्या आसपास असतो. आपल्या स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं हिमोग्लोबिनचं भावंड असतं. ते 2 ते 3 मिलिमीटर दाबालाच निम्मं भरतं. रक्तात हिमोग्लोबिनऐवजी मायोग्लोबिन असतं, तर ते फुप्फुसात भरलं असतं आणि ऊतींमध्ये जवळपास तसंच भरलेलं राहिलं असतं. हिमोग्लोबिन निम्मं भरायला सुमारे 26 मिलिमीटर दाब लागतो. फुप्फुसात ते 97-98 टक्के भरतं, 40 ला सुमारे 75 टक्क्यांवर येतं, आणि राबणाऱ्या स्नायूत दाब 20 पर्यंत उतरला की दोन-तृतीयांश ऑक्सिजन सुटलेला असतो. दाब थोडासा उतरला की माल भरपूर सुटतो. सगळी करामत या उतारात आहे.

हा उतार इतका तीव्र का, तर हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीत हीम नावाचा चपटा रेणू बसवलेला असतो आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. ऑक्सिजन या लोहाला चिकटतो. एका साखळीने ऑक्सिजन घेतला की उरलेल्यांना तो घेणं सोपं जातं, आणि एकीने सोडला की इतरही सोडू लागतात. यातली नवलाची गोष्ट म्हणजे हे चार लोह अणू एकमेकांना लागून नाहीत. त्यांच्यात 25 ते 40 अँगस्ट्रॉमचं अंतर आहे. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. माणसाच्या हिशोबाने हे काहीच नाही, पण अणूंच्या जगात एवढं अंतर म्हणजे मधे डझनभर अणूंची रांग उभी. तरीही इकडची खबर तिकडे पोहोचते.

ती पोहोचताना डोळ्यांनी पाहणारा पहिला माणूस बहुधा फेलिक्स हाउरोविट्झ. 1938 मध्ये प्रागला त्यांनी ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. जांभळट रंगाचे, षटकोनी, चपटे स्फटिक. काचेच्या कडेने हवा आत शिरली आणि ऑक्सिजन पोहोचेल तसतसे ते स्फटिक मोडत गेले. त्यांच्या जागी लालभडक, सुईसारखे नवे स्फटिक तयार झाले. स्फटिकात लाखो रेणू एकाच शिस्तीत रचलेले असतात. रेणूंचा आकार तोच राहिला असता तर नुसता ऑक्सिजन चिकटल्याने रचना मोडायचं कारण नव्हतं. म्हणजे ऑक्सिजन घेताना हिमोग्लोबिनचा रेणू स्वतःच आकार बदलतो.

नेमकं काय बदलतं हे सांगायला केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांना अनेक वर्षं लागली. हिमोग्लोबिनच्या रचनेबद्दल त्यांना आणि मायोग्लोबिनच्या रचनेबद्दल जॉन केंड्र्यू यांना 1962 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि बदलाची यंत्रणा पेरुट्झ यांनी 1970 मध्ये मांडली. ऑक्सिजन नसताना लोहाचा अणू हीमच्या पातळीतून किंचित बाहेर आलेला असतो, अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या आसपास. ऑक्सिजन चिकटला की तो पातळीत ओढला जातो. त्याला जोडलेला हिस्टिडिन (प्रथिनाची साखळी ज्या अमिनो आम्लांची बनते त्यांपैकी एक) आणि त्या हिस्टिडिनची सगळी सर्पिल पट्टी त्यासोबत सरकते. ही पट्टी जिथे शेजारच्या साखळीला टेकते, तिथली जुनी बैठक आता जमत नाही. मग अल्फा-बीटाची एक जोडी दुसऱ्या जोडीच्या तुलनेत सुमारे 15 अंशांनी फिरते आणि आख्खा रेणू ताणलेल्या अवस्थेतून सैल अवस्थेत जातो. ताणलेल्या अवस्थेत ऑक्सिजनची ओढ कमी, सैल अवस्थेत जास्त.

याच यंत्राला बाहेरूनही हात लावता येतो. 1904 मध्ये कोपनहेगनला ख्रिस्तियन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त ऑक्सिजन लवकर सोडतं. हे अणुरचना सांगणाऱ्या नील्स बोर यांचे वडील. राबणारा स्नायू कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल तयार करतो, म्हणजे जिथे गरज जास्त तिथे आपोआप जास्त पुरवठा. 1967 मध्ये कळलं की लाल पेशींतला बीपीजी नावाचा छोटासा रेणू हिमोग्लोबिनची ऑक्सिजनची ओढ कमी करतो. तो दोन बीटा साखळ्यांच्या मधल्या फटीत बसतो आणि ताणलेली अवस्था पक्की करतो. ही फट हीमपासून लांब आहे. उंचावर राहायला गेलेल्या माणसाच्या रक्तात बीपीजी वाढतं. रक्तपेढीत साठवलेल्या रक्तात ते हळूहळू घटतं, त्यामुळे असं रक्त दिल्यावर त्यातलं हिमोग्लोबिन काही काळ ऑक्सिजन हात आखडून सोडतं.

प्रथिनाच्या एका जागी काहीतरी चिकटावं आणि दूरच्या दुसऱ्या जागेचं काम बदलावं, याला ॲलोस्टेरी म्हणतात. हिमोग्लोबिन हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, पण पेशीचा जवळजवळ सगळा कारभार याच तऱ्हेने चालतो. 1956 मध्ये एडविन अम्बार्गर यांनी ई. कोलाय या जिवाणूत पाहिलं की आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल पुरेसं तयार झालं की ते आपल्याच उत्पादन-साखळीतलं पहिलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, बंद पाडतं. त्याच वर्षी आर्थर पार्डी आणि रिचर्ड येट्स यांना जनुकीय अक्षरांच्या कच्च्या मालाबाबतही हेच दिसलं. गंमत अशी की एन्झाइम ज्या कच्च्या मालावर काम करतं त्याच्याशी या शेवटच्या उत्पादनाचं रूप जुळत नाही. मग ते एन्झाइमच्या कामाच्या खाचेत शिरून अडथळा आणतं म्हणावं तर कसं? उत्तर 1965 च्या प्रयोगात मिळालं. जॉन गेरहार्ट आणि हॉवर्ड शाखमन यांनी पाऱ्याचं एक संयुग वापरून पार्डी-येट्स यांनी पाहिलेलं एन्झाइम दोन प्रकारच्या तुकड्यांत सोडवलं. एक तुकडा रासायनिक काम जोमाने करत होता, पण थांबायचा इशारा त्याला कळत नव्हता. दुसरा तुकडा इशाऱ्याचा रेणू धरत होता, पण काम करत नव्हता. काम करणारी जागा आणि हुकूम घेणारी जागा वेगवेगळ्या होत्या. त्याच वर्षी जाक मोनो, जेफ्रीज वायमन आणि ज्याँ-पिएर शांजो यांनी दोन अवस्थांमध्ये हेलकावणाऱ्या प्रथिनाचं गणिती चित्र मांडलं. आजही पाठ्यपुस्तकं तिथूनच सुरुवात करतात.

आता खरा प्रश्न. एवढी घडी उत्क्रांतीने बसवली कशी?

उत्क्रांतीचा मार्ग छोट्या छोट्या पावलांचा असतो आणि प्रत्येक पाऊल निदान तोट्याचं तरी नसावं लागतं. हिमोग्लोबिनच्या नियंत्रणासाठी मात्र एकाच वेळी बरंच काही लागतं असं वाटतं. चार साखळ्या एकत्र याव्या लागतात. त्यांच्या टेकण्याच्या जागा एकमेकींना तंतोतंत बसाव्या लागतात. लोहापासून त्या जागांपर्यंत हालचाल पोहोचवणारी वाट लागते. शिवाय दोन अवस्थांमध्ये ऑक्सिजनची ओढ वेगळी असावी लागते. यातलं एकच असून भागत नाही. वाट आहे पण शेजारी साखळीच नाही, तर निरोप कुणाला द्यायचा? साखळ्या एकत्र आल्या पण वाट नाही, तर चौघी नुसत्या एकमेकींना चिकटून बसणार. टेकण्याच्या एकेका जागेत डझनावारी अमिनो आम्लं असतात. हे सगळं एकेका बदलाने, आंधळेपणाने कसं जमून आलं असेल?

अशा प्रश्नावर नुसता तर्क लढवून भागत नाही, जुनी प्रथिनं हातात घेऊन पाहावी लागतात. प्रथिनांचे जीवाश्म सापडत नाहीत, पण वंशज जिवंत आहेत. 1963 मध्येच लिनस पॉलिंग आणि एमिल झुकरकांडल यांनी सुचवलं होतं की आजच्या प्रथिनांचे क्रम ताडून पाहिले तर त्यांच्या पूर्वजाचा क्रम काढता येईल, आणि पुढे कधीतरी तो प्रयोगशाळेत बनवताही येईल. तेव्हा हे फक्त कागदावर शक्य होतं. आज शेकडो प्राण्यांची ग्लोबिन जनुकं, म्हणजे हिमोग्लोबिन-मायोग्लोबिनच्या कुळातली जनुकं, वाचलेली आहेत. त्यांचा वंशवृक्ष मांडायचा आणि प्रत्येक फाट्यावरच्या पूर्वजात कुठल्या जागी कुठलं अमिनो आम्ल असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते संख्याशास्त्राने काढायचं. मग तसं जनुक कृत्रिमरीत्या बनवून जिवाणूत घालायचं आणि जिवाणूकडून ते प्रथिन तयार करून घ्यायचं. कुठल्याशा जागी दोन अमिनो आम्लांमध्ये संशय असेल तर दोन्ही पर्याय बनवून निष्कर्ष टिकतो का, तेही पाहायचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झालेला रेणू असा परीक्षानळीत उभा राहतो. आधुनिक विज्ञानातल्या सर्वांत सुंदर पद्धतींपैकी ही एक, असं मी मनापासून म्हणेन.

शिकागो विद्यापीठातल्या जोसेफ थॉर्नटन यांच्या प्रयोगशाळेने हिमोग्लोबिनवर हाच प्रयोग केला. अरविंद पिल्लई हे त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. 2020 मध्ये तो नेचर या विज्ञान-नियतकालिकात आला. वंशवृक्षाच्या बुडाशी, मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन यांच्या सामाईक पूर्वजापाशी, त्यांना एकटी साखळी मिळाली, कुणाला न चिकटणारी. टोकाशी आजची चौकडी होतीच. महत्त्वाचा होता मधला टप्पा. आपली अल्फा आणि बीटा जनुकं एकाच जनुकाच्या दोन नकलांपासून आली आहेत, आणि ही नक्कल 40 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, जबडे असलेल्या आद्य माशांच्या वंशात घडली. नक्कल होण्याच्या ऐन आधीचं जे एकमेव जनुक होतं, त्याचं प्रथिन त्यांनी बनवलं. ते जोडीने राहत होतं. दोन सारख्या साखळ्यांची जोडी, ना एकटी ना चौकडी. ही जोडी ऑक्सिजन फार घट्ट धरत होती, आणि दोघींमध्ये सहकार्य असं काही नव्हतं. एकीने ऑक्सिजन घेतला तरी दुसरीला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

इथून पुढे आजच्या हिमोग्लोबिनकडे यायचं तर जोडीला जोडी चिकटायला हवी. जनुकाची नक्कल झाल्यानंतर बीटाच्या वंशात अनेक अमिनो आम्लं बदलली होती. त्यातले नेमके कुठले बदल चौकडी घडवायला पुरेसे आहेत, हे शोधण्यासाठी संशोधकांनी ते बदल जुन्या प्रथिनात घालून पाहिले आणि मग एकेक कमी करत गेले. शेवटी उरले दोन. फक्त दोन अमिनो आम्लं, तीही प्रथिनाच्या पृष्ठभागावरची. एवढे दोन बदल त्या प्राचीन जोडीत केले की जोड्या मजबूतपणे एकत्र येऊन चौकडी बनत होती. समोरच्या साखळीवर ज्या जागांना ही नवी अमिनो आम्लं टेकत होती, त्या जागा आधीपासूनच तशा होत्या. त्यांना काहीही बदलावं लागलं नाही.

इथपर्यंतही ठीक होतं. पुढचं निरीक्षण मात्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं होतं. हे दोन बदल फक्त चिकटण्याचे होते, हीमच्या जवळपासही नव्हते. तरीही चौकडी बनताच ऑक्सिजनची ओढ एकदम उतरली आणि साखळ्यांमध्ये सहकार्य दिसू लागलं. पूर्ण विकसित नव्हे, आजच्याइतकं नव्हे, पण मोजता येण्याजोगं. नियंत्रणासाठी वेगळा एकही बदल करावा लागला नाही. चिकटण्याबरोबर नियंत्रणही पदरात पडलं.

असं का झालं? कारण हीम आणि पृष्ठभागाचा तो विशिष्ट भाग यांच्यातला दुवा जुनाच होता. काथ्याच्या बाजेच्या एका कडेला कुणी बसलं की दुसऱ्या कडेचा काथ्या ताणला जातो. विणणाऱ्याने काही इकडचा निरोप तिकडे जावा म्हणून ती विणलेली नसते. धागे एकमेकांत अडकलेले असले की असं होतंच. प्रथिनही अमिनो आम्लांची एकच लांब साखळी घट्ट गुंडाळून झालेलं असतं. लोह हललं की त्याची सर्पिल पट्टी हलते, आणि पट्टी हलली की तिच्या टोकाशी असलेला पृष्ठभागही किंचित सरकतो. एकट्या साखळीतही हे घडतच होतं, फक्त त्या सरकण्याने कुणाला काही फरक पडत नव्हता. त्याच पृष्ठभागाला शेजारीण चिकटली आणि फरक पडू लागला.

हिशोब उलट बाजूनेही मांडून पाहू. नवी बैठक ऑक्सिजन नसलेल्या आकाराला जास्त चांगली बसते. ऑक्सिजन आला की आकार बदलतो आणि ती बैठक बिघडते. बिघडवायला ऊर्जा लागते, आणि ती चिकटणाऱ्या ऑक्सिजनच्या खात्यातून जाते. म्हणून ओढ कमी होते. एकाने ही किंमत मोजून बैठक सैल केली की पुढच्यांना तेवढी मोजावी लागत नाही. म्हणून सहकार्य दिसतं. दोन्ही परिणाम एकाच कारणाचे. पृष्ठभागावरची चिकट जागा आणि आतला जुना दुवा, एवढीच सामग्री.

म्हणजे ज्याला आपण नियंत्रणाची यंत्रणा म्हणतो, तिचा सर्वांत अवघड वाटणारा भाग, दूरवर निरोप नेणारी वाट, हा उत्क्रांतीने नियंत्रणासाठी घडवलाच नव्हता. तो प्रथिन असण्यातच होता. उत्क्रांतीने फक्त तो कामाला लावला. पुढच्या कोट्यवधी वर्षांत आम्लाला आणि बीपीजीला दिलेला प्रतिसाद घासूनपुसून नेमका झाला, हे खरं. पण पहिलं पाऊल लहान होतं आणि आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा फार सोपं होतं.

एका प्रथिनावरून सगळ्यांबद्दल बोलू नये, हा आक्षेप योग्यच आहे. म्हणून दुसरीकडे काय दिसतं तेही पाहू. यीस्टमध्ये फस3 नावाचं एक एन्झाइम आहे. त्याला स्टे5 नावाचं दुसरं प्रथिन ॲलोस्टेरीने चालना देतं. स्टे5 उत्क्रांतीत बरंच उशिरा आलं. 2013 मध्ये स्कॉट कॉइल, वेंडेल लिम आणि सहकाऱ्यांनी स्टे5 जन्माला येण्याआधीच वेगळ्या झालेल्या शाखांमधली फस3ची भावंडं घेतली आणि त्यांच्यावर स्टे5 टाकून पाहिलं. त्यांच्यातल्या काहींनी स्टे5 ला प्रतिसाद दिला. ज्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती, त्याचा हुकूम घेण्याची क्षमता त्यांच्यात आधीपासून होती.

पेशीविभाजनात काम करणारं ऑरोरा-ए हे एन्झाइम आणि त्याला चेतवणारं टीपीएक्स2 यांची गोष्ट किंचित निराळी आहे, आणि म्हणूनच ती सांगायला हवी. डोरोथी केर्न यांच्या गटाने 2020 मध्ये दोघांचेही पूर्वज पुन्हा बनवले. आधी दोघं एकमेकांना नुसते चिकटू लागले होते, बहुधा पेशीत एकाच ठिकाणी असणं फायद्याचं होतं म्हणून. चिकटण्यातून चेतवणं हळूहळू, दीर्घ काळात वाढत गेलं, आणि त्यासाठीचे बदल मुख्यतः एन्झाइममध्येच झाले. इथे हिमोग्लोबिनसारखं एका झटक्यात काही मिळालं नाही. क्रम मात्र तोच, आधी जवळीक, मग नियंत्रण.

माणसानेही हे करून पाहिलं आहे. रमा रंगनाथन यांच्या गटाने 2008 मध्ये ई. कोलायमधलं डीएचएफआर नावाचं एन्झाइम घेतलं आणि वनस्पतीतला प्रकाश ओळखणारा एक प्रथिन-तुकडा त्याच्या पृष्ठभागाला जोडला. या दोघांचा निसर्गात काडीचाही संबंध नाही. विशिष्ट जागी जोडलं तेव्हा एन्झाइमचा वेग प्रकाशानुसार थोडासा बदलू लागला, इतर जागी जोडलं तेव्हा नाही. परिणाम लहान होता. पण सुरुवात अशीच झाली असणार ना? पृष्ठभागावर काही जागा अशा असतात की जिथे कुणी हात लावला तर आतवर जाणवतं, आणि काही जागांवर लावला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

एकदा दुवा कामाला लागला की निसर्ग त्याचे किती प्रकार करतो ते हिमोग्लोबिनमध्येच दिसतं. मगर तास-तासभर पाण्याखाली राहू शकते. तिचं हिमोग्लोबिन बीपीजीऐवजी बायकार्बोनेटचा इशारा घेतं. 1995 मध्ये नोबोरू कोमियामा, कियोशी नागाई आणि सहकाऱ्यांनी सुमारे डझनभर अमिनो आम्लं बदलून ही मगरीची खुबी माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये उतरवून दाखवली. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. तिथे बीपीजी धरणाऱ्या फटीत 143 व्या जागी हिस्टिडिनऐवजी सेरिन आहे, म्हणून बीपीजी नीट बसत नाही, ऑक्सिजनची ओढ वाढते, आणि आईच्या रक्तातून बाळाला ऑक्सिजन घेता येतो.

आणि पट्टकादंब हंस. हिवाळ्यात आपल्याकडे विदर्भातल्या तलावांवर, जायकवाडी-उजनीच्या पाण्यावर जे हंस उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, ते हिमालय ओलांडून आलेले असतात. त्यांच्या अल्फा साखळीत 119 व्या जागी प्रोलिनऐवजी ॲलानिन आहे. ही जागा हीमपासून लांब, दोन साखळ्या टेकतात तिथे आहे. एक लहानसा स्पर्श तिथे नाहीसा झाला आणि विरळ हवेत ऑक्सिजन धरायची ताकद वाढली. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या हंसांत तोच स्पर्श समोरच्या बीटा साखळीकडून, 55 व्या जागेवरून सुटला आहे. दोन खंड, दोन पक्षी, बदल वेगवेगळे, पण सैल झालेली जागा एकच.

जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशांची कथा तर मुळापासून वेगळी. त्यांचं हिमोग्लोबिन ग्लोबिन कुळाच्या दुसऱ्याच फांदीवरून आलं आहे. ऑक्सिजन असताना साखळ्या सुट्या राहतात, नसताना एकमेकींना चिकटतात. चौकडी नाही, तरी सहकार्य आहे. ते त्यांनी स्वतंत्रपणे मिळवलं.

पृष्ठभागावरच्या एका-दोन बदलांनी साखळ्या चिकटू शकतात, ही सोय आहे तसाच धोकाही आहे, आणि तो आपल्या राज्यात घरोघरी माहीत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूरपासून सातपुड्यातल्या नंदुरबारपर्यंत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, एवढंच त्याचं मूळ. हा रेणूचा आजार आहे हे पॉलिंग यांनी सहकाऱ्यांसह 1949 मध्ये दाखवलं. नेमका बदल व्हर्नन इन्ग्रॅम यांनी पुढच्या दशकात केंब्रिजला, पेरुट्झ यांच्याच विभागात शोधला. हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीवरच्या एका खळग्यात बसतं आणि रेणूला रेणू लागून लांब दोरे तयार होतात. पेशी ताठ होते, कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्या वेदना ज्यांनी घरात पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

इथे ॲलोस्टेरी थेट रुग्णाच्या अंगात दिसते. दोरे बनतात ते फक्त ताणलेल्या अवस्थेत, म्हणजे ऑक्सिजन सुटल्यावर. सैल अवस्थेत रेणूची ठेवण अशी की दोऱ्याची वीण जमत नाही. म्हणून उंच ठिकाणी, तापात, अंगातलं पाणी कमी झाल्यावर, जिवापाड श्रमानंतर त्रास उसळतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये इतर प्रथिनांतही दाखवलं की सारख्या साखळ्यांच्या सममित प्रथिनांत पृष्ठभागावरच्या एखाद्याच बदलाने लांब दोरे आणि जाळी तयार होऊ शकतात. अशी प्रथिनं चिकटण्याच्या काठावरच उभी असतात. त्या दोन बदलांनी प्राचीन माशांना चौकडी दिली, या एका बदलाने माणसाला सिकलसेल दिला. रसायनशास्त्र दोन्हीकडे एकच.

मग हिमोग्लोबिनला सैल अवस्थेतच धरून ठेवलं तर? व्हॉक्सेलोटॉर हे औषध नेमकं तेच करायचं. अल्फा साखळीच्या टोकाला चिकटून ते ऑक्सिजनची ओढ वाढवायचं. अमेरिकेत 2019 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. 2024 च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या गटात वेदनेचे झटके आणि मृत्यू जास्त दिसले होते. कल्पना तर्काला धरून होती. पण रेणू ऑक्सिजन घट्ट धरू लागला तर तो ऊतींना कमी सोडणार, हा या लेखाच्या सुरुवातीचाच पेच आहे, आणि औषधालाही तो चुकत नाही.

ॲलोस्टेरीवर बेतलेली सगळीच औषधं अशी फसत नाहीत. रक्ताच्या एका कर्करोगावर 2021 मध्ये मंजूर झालेलं असिमिनिब हे एन्झाइमच्या कामाच्या खाचेला हात न लावता दूरच्या एका खळग्यात बसतं आणि ते बंद करतं. कामाच्या खाचेत बदल होऊन जुनी औषधं निकामी झालेल्या रुग्णांनाही ते उपयोगी पडतं, ते यामुळेच.

सिकलसेलवर मात्र आपल्याकडे रोज दिलं जाणारं औषध जुनंच आहे, हायड्रॉक्सियुरिया. गोळी स्वस्त आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत, नियमित घ्यावी लागते. ती हिमोग्लोबिनच्या अवस्थांना हात लावत नाही. ती पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन मोठेपणी पुन्हा थोडंफार तयार करवते. त्यातल्या गॅमा साखळीवर 87 व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन आहे, आणि मुख्यतः तेवढ्यामुळे दोऱ्याची वीण तिथे तुटते.